युरोपचा बाजार आणि कळंबचा मजूर

दलित साहित्य आणि समाजचिंतन यांना वाहिलेल्या त्रैमासिकात युरोपच्या व्यापारावर आणि संरक्षण-धोरणावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो रास्त आहे. अर्थशास्त्र हा माझा अध्यापनाचा विषय आहे, एवढे कारण त्याला पुरेसे नाही. खरे कारण माझ्या घरात आहे.

माझे गाव कळंब, तालुका इंदापूर. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझी आई अजूनही हंगामात द्राक्षबागेत कामाला जाते. छाटणीनंतर काड्या वेचायच्या, घड लागले की विरळणी करायची, शेवटी तोडणी आणि पेट्या भरायच्या. आमच्या भागात उसाखालोखाल द्राक्षाला मान आहे. बोरीसारख्या गावांनी तर द्राक्षावरच नाव कमावले. आई ज्या बागेत जाते तिथला निवडक माल थंड पेटाऱ्यातून समुद्रापार, हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदरात जातो.

दोन वर्षांपूर्वी त्या बागेत निर्यातीच्या कामासाठी कोणी तपासनीस यायचे होते. आदल्या दिवशी बांधावर संडासाचे पत्रे उभे राहिले. हात धुवायला साबण आला. बायकांना टोप्या आणि हातमोजे मिळाले. तपासणी झाली. तिसऱ्या दिवशी पत्रे हलले, हातमोजेही परत गोळा झाले. त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, "बाळा, त्या सायबानं घड पार उलटापालटा करून बघितला. माझ्याकडं न्हाई बघितलं."

हा लेख म्हणजे आईच्या त्या वाक्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे. युरोप घडाकडे इतक्या बारकाईने का पाहतो आणि हाताकडे का पाहत नाही? आणि तो पाहत नसेल, तर आपण काय करायचे?

नफा देशाचा की वर्गाचा?

असा प्रश्न विचारण्याची रीत आपल्याला बाबासाहेबांनी घालून दिली आहे. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा लंडनचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो; वाचतो फार थोडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चांदी स्वस्त झाली, रुपया घसरला आणि हिंदुस्थानची निर्यात वाढली, तेव्हा पुष्कळ विद्वानांना तो देशाचा लाभ वाटला. बाबासाहेबांनी त्या लाभाची फोड केली. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणजे निर्यातदाराच्या हाती जे जादा पडते त्यातला मोठा हिस्सा मजुराच्या ताटातून आलेला असतो. ज्याला राष्ट्राचा नफा म्हटले जाते तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला असू शकतो, हे त्यांनी आकडेमोड करून मांडले.

शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न जुना झालेला नाही. बाजार मिळाला किंवा बाजार बंद झाला अशी बातमी आली की आपण विचारले पाहिजे, कोणाला मिळाला? आणि बंद झाला तर त्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडला? हाच प्रश्न हाती घेऊन युरोपकडे पाहू.

भुकेच्या धास्तीतून उभा राहिलेला बाजार

युरोपच्या व्यापाराचे मूळ त्याच्या संरक्षणाच्या चिंतेत आहे. दोन महायुद्धांनी तो खंड उद्ध्वस्त झाला. तोफा ओतायला पोलाद लागते आणि पोलाद करायला कोळसा. म्हणून १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेम्बर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार सामाईक केला. शेजाऱ्याला चोरून तोफ ओतता येऊ नये, हा त्यातला हेतू. १९५७ साली रोमचा करार झाला आणि आपल्या वडिलांच्या पिढीच्या वर्तमानपत्रांत ज्याला 'युरोपचा सामाईक बाजार' म्हणत तो अस्तित्वात आला. आज त्यात सत्तावीस देश आहेत. ब्रिटन २०२० साली बाहेर पडला.

दुसरी चिंता भुकेची होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये माणसे उपासमारीने मेली. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षे अनेक देशांत अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळे. त्या आठवणीतून १९६२ साली युरोपचे समान कृषिधोरण आले. त्याची तीन अंगे होती. शेतकऱ्याला हमीभाव, बाहेरच्या मालावर जकात, आणि घरात न खपलेला माल परदेशी स्वस्तात लोटण्यासाठी अनुदान. १९८० च्या सुमारास युरोपच्या सामाईक अर्थसंकल्पाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शेतीवर खर्च होत होता. लोण्याचे डोंगर साचले, दारूची तळी साचली. आपल्या शेतकऱ्याला सांभाळण्यात गैर काही नाही. पण आपले ओझे दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे हा निराळा व्यवहार आहे. तो सर्वांत स्पष्ट दिसतो साखरेत. आणि साखर म्हटली की कळंबचा संबंध येतोच.

साखरेचा इतिहास खालून वाचताना

युरोपात ऊस पिकत नाही. तिथली साखर बीटाची. बीटात साखर आहे हा शोध मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली लावला, पण त्या शोधाला पीक बनवले युद्धाने. कॅरिबियन बेटांवरचा सां-दोमिंग हा फ्रान्सचा सर्वांत श्रीमंत साखर-मळा होता आणि तो आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभा होता. १७९१ साली त्या गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. पुढे नेपोलियन आणि इंग्रज यांच्या नाकेबंदीत समुद्रमार्गाने येणारी साखर आणखी आटली, तेव्हा १८११ साली नेपोलियनने हजारो हेक्टर जमिनीवर बीट लावण्याचा हुकूम सोडला. युरोपची देशी साखर अशी संरक्षण-धोरणातून जन्मली. पाठ्यपुस्तकात नेपोलियनचा हुकूम असतो. हैतीच्या गुलामांचे बंड क्वचितच असते.

गुलामगिरी कायद्याने गेल्यावर इंग्रजांनी मॉरिशसच्या मळ्यांवर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. म्हणजे साखरेने आपल्या माणसांना निर्यातही केले आहे.

आता आपल्या शिवारात येऊ. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला. कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर ऊस आला. पण जगाच्या बाजारात साखर स्वस्त होती. युरोपातली सरकारे बीट-साखरेच्या निर्यातीला बक्षीस देत आणि ती साखर हिंदुस्थानच्या बंदरांत उतरे. १८९९ साली इथल्या सरकारला त्या साखरेवर खास भरपाई-जकात बसवावी लागली. १९३२ साली साखर-उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने निघाले. त्याच दशकात कळंबच्या शिवारात वालचंद हिराचंदांचा कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे सहकाराचे युग आले आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर अशी धुराडी दिसू लागली.

यातून तालुक्याचे रूप पालटले हे नाकारण्याचे कारण नाही. मी ज्या शाळेत शिकलो ती याच उसाच्या पैशाने वाढलेल्या गावातली. पण कालव्याचे पाणी सातबारा पाहून वाहते. ज्याची जमीन त्याचा ऊस, ज्याचा ऊस त्याचा शेअर, ज्याचा शेअर त्याचे मत. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या वाट्याला ऊस आला तो तोडायला.

इकडे युरोपने बीटाचे संरक्षण चालू ठेवले. १९६८ पासून साखरेचा कोटा ठरे आणि युरोपातला भाव जागतिक भावाच्या सुमारे तिप्पट राही. ब्रिटन सामाईक बाजारात शिरल्यावर जुन्या वसाहतींसाठी १९७५ साली साखरेची वेगळी तरतूद झाली. तीत मॉरिशसला जवळजवळ पाच लाख टनांचा वाटा मिळाला. भारताला काही हजार टनांचाच. उरलेल्या बाजारात युरोप आपली जादा साखर लोटत राहिला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ साली युरोप हरला. दुसऱ्या वर्षी युरोपने भाव ३६ टक्के उतरवण्याचे ठरवले. २०१७ साली कोटा काढून टाकला. भाव उतरले तेव्हा युरोपच्या बीट-शेतकऱ्याला भरपाई मिळाली. मॉरिशसच्या मळ्यांना मात्र त्या घसरणीचा मोठा तडाखा बसला.

याच संघटनेत पुढे भारतही आरोपी झाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांची तक्रार होती की भारत उसाला ठरवून दिलेला भाव आणि साखरेच्या निर्यातीला दिलेली मदत यांनी नियम मोडतो. २०२१ च्या डिसेंबरात निकाल भारताविरुद्ध गेला. २०२२ च्या जानेवारीत भारताने अपील केले. अपील ऐकणारे मंडळ मात्र न्यायाधीशांच्या नेमणुका अडल्यामुळे २०१९ पासून बंद पडले होते.

या खटल्यात टनामागे शेतकऱ्याला किती मिळते, कारखान्याला किती मिळते, सरकार किती घालते, याचा कीस काढला गेला. ऊस तोडणाऱ्याला काय मिळते, हा मात्र तिथे वादाचा मुद्दा नव्हता. दोन्ही पक्ष भांडत होते ते बागायतदार आणि कारखानदार यांच्या हिशोबावर. मराठवाड्यातून आमच्या भागात येणारी बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा आणि भटक्या जमातींची माणसे मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोपीत राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोन माणसांचा एक कोयता! गणिताच्या या रीतीत बाई सुटीपुरतीही उरत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा जिनिव्हाच्या कोणत्या तक्त्यात बसतो?

घडावरचा कायदा

साखरेपेक्षा द्राक्षाची गोष्ट वेगळी आहे. इथे युरोप जकातीची भिंत थोडी उतरवतो आणि अटींची भिंत उभारतो.

कीटकनाशकांच्या अवशेषांविषयी युरोपचा कायदा २००५ साली झाला आणि २००८ च्या सप्टेंबरपासून पूर्णपणे लागू झाला. ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच मोकळीक. भारतातही निर्यातीच्या बागांसाठी २००६ पासून 'ग्रेपनेट' ही नोंदणीची व्यवस्था आहे. प्रत्येक बागेला क्रमांक मिळतो, फवारणीची नोंद ठेवावी लागते, प्रयोगशाळेत नमुना जातो आणि तो उतरला तरच माल पुढे सरकतो. रॉटरडॅमच्या पेटीवरून कळंबच्या परिसरातला प्लॉट ओळखता येतो. ही व्यवस्था थोर आहे, असेच मी म्हणेन. पण नोंदणीला काय लागते? सातबारा.

२०१० च्या हंगामात या व्यवस्थेलाही धक्का बसला. क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला आमच्याकडे सगळे 'सीसीसी' म्हणतात, ते वेलीची फाजील वाढ रोखून घड धरण्यासाठी वापरले जाई. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हते. युरोपच्या प्रयोगशाळांनी ते शोधून काढले आणि माल बंदरात अडकला. भाव कोसळले, बागायतदार कर्जात गेले. त्यांच्या दुःखाची दखल वर्तमानपत्रांनी घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. पण माल अडकल्यावर बागेतले काम थांबले, मजुरांची हजेरी बुडाली, उधारीचे किराणा-दुकान बंद झाले. ते नुकसान कोणी मोजले नाही. बागायतदाराचे नुकसान बँकेच्या वहीत दिसते. मजुराचे नुकसान चुलीपाशी दिसते आणि तिथे कोणी पाहणीला जात नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जे औषध घडावर राहू नये म्हणून इतका खटाटोप, तेच औषध फवारणाऱ्याच्या छातीत जाते. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे बागेत काटेकोर पाळतात, कारण त्यावर माल अवलंबून असतो. फवारणीनंतर माणसाने किती वेळाने बागेत शिरावे, हेही औषधाच्या पत्रकावर लिहिलेले असते; काही खासगी प्रमाणपत्रांच्या यादीतही असते. पण ते घड्याळ लावलेले मी आमच्या भागात पाहिले नाही. सकाळी ब्लोअर फिरतो, दुपारी बायका विरळणीला शिरतात.

आपल्या देशात कायदा नाही असे नव्हे. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आणि त्याखालचे नियम १९७१ सालचे. औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत, त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्यांत आहे. तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. आणि युरोपचे दुटप्पीपण असे की तिथे वापरायला बंदी असलेली काही कीटकनाशके तिथल्याच कारखान्यांत तयार होऊन बाहेरच्या देशांना विकली जातात. ती विक्री थांबवू, असे आश्वासन युरोपच्या आयोगाने २०२० साली दिले होते. विष बाहेर पाठवायचे आणि त्याचा अंश घडावर परत आला की घड नाकारायचा, हा न्याय कुठला?

युरोपची आजची कोंडी

एवढ्यावरून युरोप सर्वशक्तिमान आहे असा ग्रह होऊ नये. आज तो स्वतः कोंडीत सापडला आहे आणि त्या कोंडीचे चटके इथवर पोचतात.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याआधी युरोप आपल्या नैसर्गिक वायूच्या आयातीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वायू रशियाकडून घेई. वायू महागला, वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून खत बनवणारे युरोपचे कारखाने मंदावले किंवा बंद पडले. पोटॅश पुरवणारे रशिया आणि बेलारूस दोन्ही निर्बंधांच्या आणि युद्धाच्या गर्तेत. भारत आपले सगळे पोटॅश बाहेरून आणतो. २०२२ साली पोटॅशचे पोते आमच्याकडे सुमारे १७०० रुपयांवर गेले. बागायतदाराने ते घेतले आणि खर्चाची तोंडमिळवणी कुठे केली? आईच्या हजेरीत. त्या वर्षी बायकांची हजेरी वाढली नाही. आमच्याकडे बाईची हजेरी गड्याच्या हजेरीपेक्षा शंभर-दीडशेने कमीच असते; समान वेतनाचा कायदा मात्र १९७६ साली झालेला आहे.

युरोपपुढे दुसरे संकट अमेरिकेचे. पाऊण शतक अमेरिकेच्या छत्राखाली राहिलेल्या या देशांना आता स्वतःचा शस्त्रखर्च उचलायचा आहे. २०२५ च्या जूनमध्ये नाटो राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत संरक्षण आणि तत्संबंधी खर्च नेण्याचे ठरवले. त्याच वर्षीच्या जुलैत युरोपने आपल्या बहुतेक मालावर अमेरिकेची १५ टक्के जकात मान्य केली. तिसरे संकट चीनचे. स्वस्त चिनी विजेच्या मोटारींवर २०२४ साली युरोपला जादा जकात लावावी लागली. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांनी २०२४ च्या सप्टेंबरातील अहवालात सांगितले की स्पर्धेत टिकायचे तर युरोपला दरसाल ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक करावी लागेल.

पैसा शस्त्राला हवा, उद्योगाला हवा, शेतकऱ्याला हवा. अशा वेळी काय मागे पडते, ते पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या आरंभी युरोपचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रुसेल्सच्या रस्त्यावर उतरले. कीटकनाशकांचा वापर निम्म्याने घटवण्याचा प्रस्ताव त्याच फेब्रुवारीत मागे घेतला गेला. त्याच साली एक महत्त्वाचा कायदा झाला होता. मोठ्या कंपन्यांनी आपल्या मालाच्या साखळीत, थेट शेतापर्यंत, मानवी हक्कांचा भंग होतो की काय याची चौकशी केली पाहिजे, असे त्यात होते. २०२५ साली त्याची मुदत पुढे ढकलली गेली आणि त्याची व्याप्ती कमी करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावर बंदी घालणारा दुसरा कायदा शिल्लक आहे. तो २०२७ च्या डिसेंबरपासून लागू व्हायचा आहे. लोखंड, पोलाद, सिमेंट यांच्या उत्पादनात किती धूर निघाला हे मोजून आकार लावण्याची व्यवस्था मात्र २०२३ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आली.

द्राक्षातल्या विषाला रकाना आहे. पोलादातल्या धुराला रकाना आहे. मजुराचा रकाना नुकता आखायला घेतला होता, तोच खोडरबर बाहेर निघाले.

ठराव आणि कायदा

युरोपला जात माहीत नाही असे म्हणता येणार नाही. १ फेब्रुवारी २००७ रोजी युरोपच्या संसदेने भारतातील दलितांच्या मानवी हक्कांविषयी ठराव केला. १० ऑक्टोबर २०१३ रोजी जातीवर आधारलेल्या भेदभावाविषयी आणखी एक ठराव केला. हे ठराव व्हावेत म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण ठराव कोणाला बांधत नाही. घडावरच्या विषासाठी युरोपने कायदा केला आणि माणसाच्या वाट्याच्या विषासाठी ठराव केला. कायद्याने पेटी थांबते. ठरावाने काही थांबत नाही.

भारत सरकारची भूमिका पूर्वीपासून अशी की श्रमाच्या अटी व्यापारात आणू नयेत. त्या आडून श्रीमंत देश आपल्या उद्योगांना संरक्षण देतात. १९९६ साली सिंगापूरच्या परिषदेत विकसनशील देशांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवायला लावला. २००१ साली दर्बानच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न नको, असा आग्रहही आपल्याच सरकारचा होता. युरोपशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, २०१३ साली थांबल्या आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाल्या. त्यांसाठी युरोपने मांडलेल्या मसुद्यात श्रम आणि पर्यावरण यांचे वेगळे प्रकरण होते.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, युरोपने अटी कडक केल्या तर बरेच होईल. इथला बागायतदार आमचे ऐकत नाही, निदान गिऱ्हाईकाचे ऐकेल. दुसरे मित्र म्हणतात, हा साम्राज्यवादाचाच नवा अवतार आहे, त्याला विरोध केला पाहिजे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. युरोपच्या अटींत स्वार्थ आहे यात शंका नाही. पण अटीत स्वार्थ आहे म्हणून ती ज्या अन्यायावर बोट ठेवते तो अन्याय खोटा ठरत नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेलेल्यांनी, मुंबई कायदेमंडळाचा ठराव कोणत्या सरकारच्या काळात झाला असे विचारत बसून तहान मारली नाही. जो आधार मिळाला तो घेतला आणि पाण्यापर्यंत चालत गेले ते स्वतःच्या पायांनी.

उलट बाजूही तितकीच खरी. बाहेरून आलेली अट कागदावर पूर्ण करता येते. बांधावरचे संडासाचे पत्रे ही त्याची खूण आहे. आणि अट फार जाचक झाली तर निर्यातदार दुसऱ्या बाजारात जातो. मजूर आहे तिथेच राहतो. म्हणून मजुराचा रकाना युरोपने आखून द्यावा आणि बागायतदाराने भरावा, यावर आपण विसंबून राहू शकत नाही. तो भरायला मजूर हवा. निदान मजुराचे शिकलेले लेकरू हवे.

आपले काम

ज्या वस्तीतून मी शिकून बाहेर पडलो तिथून आज अनेक मुले-मुली महाविद्यालयात येत आहेत. साहित्यावर, चळवळीच्या इतिहासावर ती तळमळीने बोलतात. पण एका टन उसामागे आपल्या घरात किती आले, एका पेटीमागे किती आले, हा हिशोब त्यांच्याजवळ नसतो. तो माझ्याजवळही नव्हता. बाबासाहेबांनी आपला अर्थशास्त्राचा अभ्यास कोलंबिया आणि लंडन येथे केला तो पदव्यांच्या हव्यासाने नव्हे. शोषण आकड्यांत लपते आणि आकड्यांतूनच ते बाहेर काढावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

यंदाच्या हंगामात माझ्या दोन विद्यार्थिनींनी आणि मी एक साधी वही केली. तिच्यात रकाने असे: तारीख, बाग, काम, हजेरी, त्या दिवशी कोणते औषध मारले, मारल्यावर किती तासांनी बायका आत गेल्या, अंगावर काय होते, नंतर काय त्रास झाला. मोठे संशोधन म्हणावे असे त्यात काही नाही. बायका रात्री भाकरी झाल्यावर सांगतात आणि मुली लिहितात. पहिले काही दिवस बायका बिचकल्या. बागायतदाराला कळले तर काम जाईल ही भीती खरी आहे, म्हणून वहीत बागेचे नाव न लिहिता खूण लिहितो. औषधाचे नाव कोणाला ठाऊक नसे. आता रिकामी बाटली दिसली की त्या तिच्यावरचे नाव ध्यानात ठेवतात.

ही वही उद्या कोणाच्या टेबलावर जाईल ते मी सांगू शकत नाही. ग्रामपंचायतीत, कामगार अधिकाऱ्याकडे, कदाचित एखाद्या दिवशी रॉटरडॅमच्या गिऱ्हाईकाकडेही. पण जिथे जाईल तिथे, मजुराविषयी माहिती उपलब्ध नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. इतर गावांतल्या वाचकांनी आपापल्या पिकाची अशी वही सुरू केली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव आईचे आहे. तिला लिहिता येत नाही. काय लिहिले ते तिने दोनदा वाचून घेतले आणि हजेरीच्या रकान्यात मी लिहिलेला आकडा दुरुस्त करून दिला. मी वीस रुपये जास्त लिहिले होते.